डेलियाचं माहेर

एगनव्हिल, ऑन्टारिओ
१४ जानेवारी २०१९

श्री. फिंटन गॅरिही यांस,

आपली ओळख नाही. तुमच्या पुतणीनं, ओर्लानं, तुमचा पत्ता दिला. "काका कॉम्प्युटरच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, पण पत्राला उत्तर देतात," असं ती म्हणाली, म्हणून हा कागद.

मी लॉर्ना ब्रेमर. शाळेची बस चालवते आणि वडिलांसोबत राहते. खरं तर आता तेच माझ्यासोबत राहतात, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्यांचं नाव विल्फ्रेड. या वर्षी अठ्ठ्याऐंशीचे होतील.

मुद्द्यावर येते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई डेलिया, अनाथ होती. इंग्लंडमधल्या अनाथाश्रमांतली मुलं बोटीत घालून इकडे शेतांवर कामाला पाठवायचे, त्यांतली ती एक. १९१२ साली लिव्हरपूलहून आली, तेव्हा आठ वर्षांची होती. बाप गोदीवर अपघातात गेलेला, आई खोकून खोकून गेलेली, आणि घरात आयरिश बोलायचे, एवढं तिला आठवायचं. एक धाकटा भाऊ होता. त्याला कुणीतरी येऊन घेऊन गेलं. तिला न्यायला कुणी आलं नाही. यापलीकडं ती कधी काही बोलली नाही.

आमच्या खोऱ्यात निम्मी माणसं आयरिश. कुणालाही झोपेतून उठवून विचारा, खापरपणजोबा कुठल्या परगण्यातले ते घडाघडा सांगेल. बाबा शाळेत होते तेव्हा पोरं त्यांना म्हणायची, "ब्रेमर म्हणजे अर्धा जर्मन आणि अर्धा कुणाचाच नाही." बाबा हे हसत सांगतात. आयुष्यभर हसत सांगतायत, यावरूनच काय ते कळतं.

आजीचं आडनाव इथल्या कागदांत 'हॅरी' असं आहे. मी कितीतरी वर्षं आयर्लंडभर हॅरी शोधले, हाती धुपाटणं आलं. मग मागच्या हिवाळ्यात डीएनए तपासणीची नळी मागवली. खरं तर बाबांची थुंकी हवी होती, पण ते म्हणाले, "ज्यांना माझी आई नको होती, त्यांच्या दारात मी थुंकायलासुद्धा जाणार नाही." म्हणून मी माझी पाठवली. निकालात सगळ्यात वर तुमचं नाव आलं. नातं जवळचं दिसतंय, तुम्ही माझ्या वडिलांचे आते-मामे भाऊ असावेत इतकं. आणि आडनाव गॅरिही! मोठ्यानं म्हणून बघा. घाईत असलेल्या एखाद्या कारकुनाच्या कानाला ते 'हॅरी' ऐकू आलं नसेल का?

मला पैसा नको, जमीन नको, काही नको. तुमच्या घरातलं कुणी लिव्हरपूलला गेलं होतं का, एवढंच सांगा.

आपली,
लॉर्ना ब्रेमर


किल्फेनोरा, परगणा क्लेअर, आयर्लंड
२ फेब्रुवारी २०१९

लॉर्नाबाईंना,

पत्र पोचलं. ती नळी ओर्लानं मला नाताळची भेट म्हणून दिली होती. इकडे गाईंची रोगतपासणी दरवर्षी सक्तीची असते. मला वाटलं, आता मालकांचीही सुरू झाली. थुंकलो आणि विसरून गेलो.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगतो. माझे वडील मार्टिन गॅरिही यांचा जन्म लिव्हरपूलचा. आईबाप तिथंच वारले. वडील चार वर्षांचे असताना त्यांचे काका थेडी यांनी त्यांना इथं आणून वाढवलं. त्यांना डेलिया नावाची थोरली बहीण होती, हेही खरं. पण ती तिथंच तापानं वारली. आमच्या घराण्याच्या थडग्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, आणि वडील हयात असेपर्यंत दर नोव्हेंबरात चर्चमध्ये तिच्या नावानं मिस्साची प्रार्थना करवायचे. मेलेली माणसं कॅनडाला जात नाहीत, बाई.

डेलिया नावाच्या पोरी त्या काळी पैशाला पासरी होत्या. तुमची कुणीतरी दुसरी असणार. त्या यंत्रावर फार भिस्त ठेवू नका. शेजारच्या मुराला त्यानं चार टक्के फिनलंडचा ठरवलंय, आणि तो माणूस गॉलवेच्या पलीकडे कधी गेलेला नाही.

जमीन नको म्हणालात ते बरं केलंत. आहे तेवढी सगळी खडक आहे.

तुमच्या वडिलांना उदंड आयुष्य लाभो.

फिंटन गॅरिही


एगनव्हिल
९ एप्रिल २०१९

गॅरिहीसाहेब,

तुमचं पत्र मी बाबांना दाखवणारच नव्हते. पण मार्चमध्ये आम्ही मेपलचा रस आटवत बसलो होतो. त्या कढईपाशी दिवसच्या दिवस बसावं लागतं, आणि मला पोटात काही ठेवता येत नाही. सांगून टाकलं.

"मेली?" बाबा हातातला झारा तसाच धरून म्हणाले. "सहा पोरं वाढवली तिनं. नदी गोठली की बर्फ फोडून पाणी आणायची. माझ्या बापाला दोन वेळा दारूच्या दुकानातून खांद्यावर टाकून आणलं. आणि म्हणे मेली!"

त्यांनी झाऱ्यानं कढई ढवळली. मग म्हणाले, "लॉर्ना, नको होती म्हणून सोडली आणि मेली म्हणून रडले, यात फरक आहे, नाही का?"

"आहे ना, बाबा."

"आण ती नळी."

थुंकी काही केल्या येईना. म्हातारपणी तोंड कोरडं पडतं. शेवटी मी लिंबू कापून समोर धरलं, तेव्हा काम झालं.

साहेब, निकाल काल आला. तुम्ही आणि माझे बाबा सख्खे आते-मामे भाऊ आहात. हा आकडा लांबच्या नात्यात येत नाही, मी तीनतीनदा विचारून घेतलंय. तुमचे वडील मार्टिन आणि माझी आजी डेलिया एकाच आईची लेकरं होती. ती तापानं वारली नाही. ती १९७९ साली इथं, स्वतःच्या अंथरुणात, आम्हा सगळ्यांच्या देखत वारली.

सोबत तिचा फोटो ठेवलाय, चाळिशीतला. मग थडग्यावर तिचं नाव कुणी कोरलं आणि का कोरलं, एवढं मला सांगाल?

लॉर्ना


एगनव्हिल
२० जून २०१९

श्री. गॅरिही,

दहा आठवडे झाले. ओर्लाला विचारलं तर ती म्हणते, पत्र तुम्हाला मिळालंय, तुम्ही वाचलंय, आणि विषय काढला की गुरांकडे निघून जाता.

समजलं मला. पण एक ऐकून घ्या. तुमच्या खडकांवर आमचा डोळा नाही. आमच्याकडे स्वतःचे खडक दोनशे एकर आहेत, वर डास फुकट. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्या मामाबद्दल दोन शब्द ऐकायचे होते. ते रोज टपालाच्या पेटीपर्यंत जायचे. आता मी त्यांना जाऊ देत नाही.

काही लपवायचं असेल तर खुशाल लपवा. फक्त "लिहिणार नाही" एवढं तरी लिहा.

लॉर्ना ब्रेमर


किल्फेनोरा
८ जुलै २०१९

लॉर्ना,

बाईबिई सोडून दिलं. तू माझ्या आतेभावाची पोर आहेस. शिव्या दिल्यास ते बरं झालं, मला त्यांची गरज होती.

गवत कापायचंय, वासरं विकायचीत, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण तो फोटो. पाकीट उघडलं आणि खाली बसलो. ते माझे वडील होते, झगा घातलेले. तीच हनुवटी, तोच एक डोळा थोडा बारीक करून बघणं. फोटो शेकोटीवरच्या फळीवर ठेवला, मग भिंतीकडे तोंड करून ठेवला, मग परत फिरवला.

एनिसला माझी थोरली बहीण आहे, कॅथलीन. तिला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटायचंच असं. थेडीआजोबांना शेतावर हात हवे होते. पोरगा कामाचा, पोरगी काय कामाची? आणला एकाला, सोडलं दुसरीला, आणि वर मेली म्हणून सांगितलं." तिच्याकडे पुरावा काही नव्हता, पण मला ते खरं वाटलं. त्या काळात घडायचं असं. आणि थेडीआजोबांनी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं आहे. आता हे मी तुझ्या बापाला कुठल्या तोंडानं लिहू? "तू म्हणत होतास तेच खरं होतं, तुझी आई आम्हाला नको होती," असं? त्यापेक्षा गुरांकडे गेलेलं बरं.

तुझं जूनचं पत्र ओर्लानं माझ्या हातातून ओढून वाचलं. म्हणाली, "काका, तुम्हाला लाज वाटते ती कॅथलीनआत्याच्या तर्काची. खरं काय घडलं ते कुणाला ठाऊक आहे, ते आधी बघू." आणि मला गाडीत घालून लिस्डूनवार्नाला घेऊन गेली. तिथल्या वृद्धाश्रमात नॅन्सी हेहिर आहे, अठ्ठ्याण्णव वर्षांची. तिचं माहेर आमच्या बांधाला बांध.

नॅन्सीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मार्टिनचा का रे तू? बापापेक्षा जाड झालास."

मी विचारलं, थेडीनं पोरीला मुद्दाम मागं ठेवलं का.

"कोण म्हणतं असं? कॅथलीन? तिला काय डोंबल ठाऊक! ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती."

"तुम्हीही नव्हता जन्मलात, नॅन्सीआजी," ओर्ला म्हणाली.

"नव्हते. पण माझी आई होती, आणि माझ्या आईचं तोंड कधी बंद नसायचं."

तिनं सांगितलं ते तसंच लिहितो. थेडी शरद ऋतूत लिव्हरपूलच्या अनाथाश्रमात गेला तो दोघांना आणायला. दोघांसाठी शाली घेऊन गेला होता, एक थेडीच्या आईनं विणलेली, एक नॅन्सीच्या आईची. पण डेलियाला ताप होता, तापवाल्या मुलांच्या खोलीत ठेवली होती. तिथल्या लोकांनी सांगितलं, "ही आता प्रवास करू शकणार नाही. पोराला न्या. हिला वसंतात येऊन घेऊन जा." निघताना थेडीला तिला भेटूसुद्धा दिलं नाही. ती खोलीत, तो दारात. आपल्याला न्यायला कुणी आलं होतं, हे त्या लेकराला कळलंही नसेल.

वसंतात तो परत गेला. मार्टिनला सांगून गेला, "ताईला घेऊन येतो." दाराशीच त्याला कळलं की मुलांची एक तुकडी बोटीनं पाठवली, आठवडाही झाला नव्हता, आणि तीत ती होती. कुठं पाठवली? "कॅनडाला." कॅनडात कुठं? कुणी सांगेना. थेडीला आयरिश सोडून दुसरी भाषा धड येत नव्हती, लिहिता तर येतच नव्हतं. तो गोदीवर गेला आणि दिवसभर बोटी बघत बसला. मग घरी आला.

"रिकाम्या हातानं आला," नॅन्सी म्हणाली, "आणि ते चार वर्षांचं पोर कुंपणाच्या वाटेशी उभं. रोज संध्याकाळी उभं राहायचं. जेवेना, झोपेना. शेवटी म्हातारी, म्हणजे थेडीची आई म्हणाली, मेली म्हणून सांग त्याला. मेलेल्याची वाट बघावी लागत नाही. थेडी नको म्हणत होता. पण तोंडातून एकदा गेलेलं खोटं परत कसं घ्यायचं? म्हातारी गेली तेव्हा तिच्या नावाखाली पोरीचंही नाव कोरून टाकलं. थेडी त्या दगडापुढं गुडघे टेकायचा तेव्हा माझ्या आईला वाटायचं, हा प्रार्थना करत नाही, माफी मागतोय."

माझे वडील १९८४ साली गेले. बहीण मेली असंच धरून गेले.

लॉर्ना, ही म्हातारीची तोंडी हकीकत. तुझ्याकडे कागद आहेत. तारखा जुळतात का बघ. जुळत नसतील तर बापाला हे वाचून दाखवू नकोस. आणि जुळत असतील तर मला सांग, त्या दगडाचं काय करू? पाथरवट विचारतोय, नाव पुसायचं का.

तुझा,
फिंटन


एगनव्हिल
३ ऑगस्ट २०१९

फिंटनकाका,

जुळतात. बोट एप्रिल १९१२ च्या शेवटी लिव्हरपूलहून निघाली. मुलं ओटावाला मेच्या सुरुवातीला पोचली. प्रवाशांच्या यादीत नाव आहे 'ब्रिजेट हॅरी, ८'. डेलिया म्हणजे ब्रिजेटचंच लाडकं नाव, हे ओर्लानं सांगितलं तेव्हा कळलं. नाहीतर अजून शंभर वर्षं शोधत बसले असते. नावापुढं एका शब्दात लिहिलंय, 'आजारातून उठलेली'.

आधी मला एक कबूल करायचंय. जूनमध्ये मी तुम्हाला इतकं तोडून लिहिलं, तेव्हा बाबा इस्पितळात होते. हृदयाचं. लिहिलं नाही, कारण ती दयेची भीक वाटली असती. आता ते घरी आहेत, डॉक्टरांना शिव्या देतायत, म्हणजे ठीक आहेत. पण विमानप्रवास करायचा नाही असं सांगितलंय.

तुमचं पत्र मी व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाचलं. थेडी गोदीवर बोटी बघत बसला इथं पोचले, तर बाबा उठले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. किल्ली नाही, काही नाही. दार लावून नुसते बसले. मला वाटलं, संतापले. माझंच चुकलं, इतक्या म्हाताऱ्या माणसाची जुनी जखम उकरायला नको होती, असं मनात म्हणत मी भांडी घासत राहिले. बऱ्याच वेळानं आत आले. डोळे सुजलेले.

"पुढचं वाच," म्हणाले.

वाचून झाल्यावर म्हणाले, "दोन शाली घेऊन गेला होता?"

"हो."

"दोन?"

"हो, बाबा. दोन."

मग जेवले. दोन वाढण्या जेवले. दुसऱ्या दिवशी दाढी करून गावात गेले आणि हार्डवेअरच्या दुकानात, खिळे घेता घेता, मालकाला सांगून आले की आपण क्लेअरचे. मालक म्हणाला, "अरे वा, कधीपासून?" बाबा म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून, गाढवा."

दगडाबद्दल विचारलं. त्यांनी विचार करायला रात्र मागून घेतली आणि सकाळी म्हणाले, "नाव पुसू नका म्हणावं. ज्यांनी कोरलं ते तिच्यासाठी रडले होते. खाली फक्त लिहा, कॅनडात सापडली."

त्यांना तुम्हाला स्वतः लिहायचंय. मी मदत करू का विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गाई नसतानाही गाईंकडे गेले.

तुमची,
लॉर्ना


एगनव्हिल
१ सप्टेंबर २०१९

फिंटन,

लॉर्ना म्हणते, सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं. आपण अजून भेटलो नाही, तेव्हा ते नंतर बघू.

मी आयुष्यभर लाकूड कापण्याच्या गिरणीत काम केलं. पत्र लिहायची सवय नाही. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीत राहिली, म्हणून अक्षर असं. वाचता येईल तेवढं वाच.

तुझ्या बापाची बहीण कशी होती ते त्याला कधी कळलं नाही, म्हणून तुला सांगतो. बुटकी होती. आवाज मोठा. शिट्टी उत्तम वाजवायची, त्याबद्दल पाद्री तिला बोलायचा, तरी वाजवायची. ज्या शेतावर तिला लहानपणी ठेवलं होतं तिथं तिला गोठ्यावरच्या माळ्यावर झोपवायचे, हे तिनं मला एकदाच सांगितलं, मी पोरगा असताना एका कुत्र्याला लाथ मारली तेव्हा. फार हसायची. उगाच दुःखी बाई होती असं समजू नकोस. माझ्या बापाशी तिचं लग्न प्रेमाचं होतं, आणि भांडणंही प्रेमानंच व्हायची.

पण एक गोष्ट होती. अंगणात कुठलीही गाडी वळली, की ती हातातलं टाकून दाराशी जायची. जेवत असली तरी उठायची. ॲप्रनला हात पुसत उभी राहायची, कोण उतरतंय ते बघायला. आम्ही पोरं चिडवायचो, "आई, पिठवाला आहे गं, पोपसाहेब नाहीत!" तीही हसायची आणि परत येऊन बसायची. पन्नास वर्षं हेच. मला वाटायचं, बाईमाणसाला चौकशा फार. परवा ट्रकमध्ये बसलो होतो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, ती कुणाला बघायची ते. आणि तिकडे तुझा बाप कुंपणापाशी. दोघंही उभी होती रे. मध्ये एक समुद्र आडवा.

मला थेडीचा राग येत नाही. म्हातारीचा येत होता, तोही गेला. माझ्या एका पोराला मीसुद्धा त्याचा घोडा विकला तेव्हा सांगितलं होतं, पळून गेला म्हणून.

गेल्या रविवारी लॉर्नाला म्हटलं, मला कबरस्तानात सोड आणि तू गाडीतच थांब. आईपुढं जाऊन उभा राहिलो. मेलेल्यांशी बोलणारा मी माणूस नाही. बाजूला वॉल्टर कॉस्टेलोची बायको फुलं लावत होती, ती जाईपर्यंत उगाच टोपी झटकत राहिलो. मग म्हटलं, "आई, तो आला होता. दोनदा आला होता." एवढंच. दुसरं काही सुचलं नाही. पण ते मोठ्यानं म्हटल्यावर माझ्या छातीतलं काहीतरी जागेवर बसलं. डॉक्टरला सांगितलं तर तो गोळी बदलेल, म्हणून सांगितलं नाही.

आता कामाचं. मला विमानात बसू देत नाहीत, तेव्हा तुला यावं लागेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ये. झाडं लाल झालेली असतात आणि डास मेलेले असतात. वरची खोली रिकामी आहे. लॉर्ना बटाटे चांगले करते, मांस करपवते. तुझी गुरं तो चार टक्के फिनलंडचा शेजारी बघेल.

ओर्लानं लॉर्नाला सांगितलंय की तू विमानाला घाबरतोस, आणि म्हणून आजवर कुठं गेला नाहीस. तर ऐक. माझी आई आठ वर्षांची होती. नुकती आजारातून उठलेली. एकटी होती, आणि बोट कुठं चाललीय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी आली. तू त्र्याहत्तर वर्षांचा बाप्या, आणि विमानात चहा देतात.

थोडी लाज वाटू दे, आणि तिकीट काढ. अंगणात गाडी वळली की मी दाराशी असेन.

तुझा आतेभाऊ,
विल्फ्रेड